मधुमेहींचे डोळे आणि संगणकाची नजर

चिरफाड न करता आतल्या रक्तवाहिन्या सरळ पाहता येतील अशी उत्तम जागा म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, अर्थात दृष्टिपटल. मधुमेहात येथील केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना बारीक फुगवटे येतात, काही झिरपतात, काही बंद पडतात. सुरुवातीला दुखत नाही, नजरही शाबूत असते. त्यामुळे "डॉक्टर, मला पेपर वाचता येतो, मग डोळे कशाला तपासायचे?" असे विचारणारे रुग्ण आम्हाला नेहमीच भेटतात.

हल्ली काही ठिकाणी पडद्याचा फोटो काढून तो संगणकाकडून तपासतात. संगणकाला रक्तवाहिनी कळते कशी? रंगीत फोटोतील हिरवा भाग तो वेगळा करतो, कारण त्यात रक्त अधिक गडद उठून दिसते. वाहिनी आडवी ओलांडताना उजेड, मग काळोख, पुन्हा उजेड असा चढउतार लागतो. सुभासिस चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली अमेरिकेत याच चढउताराचा साचा केला. १५-१५ अंशांनी फिरवून बारा दिशांनी तो फोटोवर ताडून पाहायचा; जुळेल तेथे वाहिनी. (हेच चौधरी पुढे मुंबईच्या आयआयटीचे संचालक झाले.) आताचे संगणक जाणकारांनी हाताने गिरवलेल्या वाहिन्या पाहून शिकतात. नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी २००४ साली असा ४० फोटोंचा संच अभ्यासासाठी दिला. काम किचकटच!

हा खटाटोप कशासाठी? वाहिनीही लाल आणि रक्तस्रावाचा ठिपकाही लालच. वाहिन्या ओळखून बाजूला काढल्या की उरलेल्या ठिपक्यांची शंका घेता येते. नेत्रतज्ज्ञ नसलेल्या गावी अशी चाळणी फार उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. मात्र मोतीबिंदू असेल तर फोटो धूसर येतो. अशा फोटोवरून "दोष नाही" असे कोणी सांगितले तर समाधान मानू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वेळीच कळल्यास लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शनने नजर बहुधा वाचवता येते. गेलेली नजर परत मिळणे कठीण.

प्रौढ वयात मधुमेह निघाल्यास लगेच आणि पुढे दरवर्षी पडदा तपासावा. मधुमेही स्त्रीला दिवस राहिल्यास सुरुवातीलाच तपासणी करावी. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, ऊन सहन होत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, सोबत कोणाला तरी आणावे.