लडाखच्या साइटवर जाताय? आधी हातात किती पडेल ते मोजा

पन्नाशीच्या रस्ते-इंजिनिअरला वर्षाला 18 लाखांची ऑफर आली की घरात आनंद होतो. पण बऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरचं घर चालतं ते खात्यात पडणाऱ्या पैशांवर, म्हणून आधी महिन्याचा हिशोब मांडा. दीड लाखात बेसिक 75,000 धरू. पूर्ण बेसिकवर पीएफ कापला तर कंपनीचा 12 टक्के वाटा 9,000 आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद सुमारे 3,600. हे दोन्ही बहुतेक वेळा त्याच दीड लाखात बसवलेलं असतं. तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी 9,000. 2025-26 च्या नव्या कररचनेत आयकर महिन्याला साधारण 10,000. उरले 1 लाख 18 हजार. पीएफ बुडत नाही, खरं आहे. पण त्यातून पोराची फी आणि घराचा हप्ता दर महिन्याला भरता येत नाही. आणि वार्षिक आकड्यात ‘व्हेरिएबल’ किंवा प्रोजेक्ट संपल्यावरचा बोनस घातला असेल, तर हातात याहूनही कमी येईल.

तिकडे रस्त्यांची आणि बोगद्यांची कामं आहेत का? आहेत. झोजिला बोगदा सुरू आहे, आणि 15,800 फुटांवरच्या शिंकू ला बोगद्याचा पहिला स्फोट जुलै 2024 मध्ये झाला. पण अटल, सेला आणि सोनमर्ग बोगदे पूर्ण झाले, जून 2025 मध्ये काश्मीरची रेल्वेही सुरू झाली. तिथे वर्षानुवर्षं डोंगर फोडलेली माणसं आता मोकळी झाली आहेत, तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे. बोगद्याचा अनुभव नसताना ‘टनेल मॅनेजर’साठी अर्ज करत बसू नका. जोडरस्ते, पूल, क्वालिटी, बिलिंग आणि करार यांत सपाटीवरच्या अनुभवाला किंमत आहे. आपल्या इंदूर–इच्छापूर महामार्गावर इंदूरकडच्या घाटात बोगदे खोदले गेले; त्या कामावर असाल तर ते बायोडेटात सगळ्यात वर लिहा.

नोकरी कन्सल्टंट कंपनीकडून येत असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. महामार्गाच्या टेंडरमध्ये प्रमुख माणसांची नावं आणि बायोडेटा द्यावे लागतात, त्यासाठी इन्फ्राकॉन पोर्टलवर नोंदणी लागते. कंपनीने तुमचं नाव बोलीत घातलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. काम दुसऱ्याला गेलं तर तुम्ही आहात तिथेच. म्हणून नियुक्तिपत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका, आणि एकाच कामासाठी दोन कंपन्यांना संमती देऊ नका. ‘फाइल पुढे सरकवायला’ पैसे मागणाऱ्या एजंटला तर एक रुपयाही नको.

आता न दिसणारे खर्च. बऱ्हाणपूरहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून पुढे श्रीनगर आणि सोनमर्ग. किंवा इंदूर–दिल्ली–लेह विमान. रेल्वेने गेलात तर दहा दिवसांच्या सुटीतले चार-पाच दिवस रस्त्यातच जातात. त्यामुळे किती महिन्यांनी सुटी, तिकीट कोणाचं, प्रवासाचे दिवस सुटीत धरणार का, हे तिन्ही पत्रात लिहून घ्या. लडाखमध्ये उघड्यावरचं काम हिवाळ्यात थांबतं, बोगद्याच्या आतलं चालतं. त्या महिन्यांत पगार चालू राहणार, दुसऱ्या साइटवर पाठवणार की बिनपगारी घरी बसवणार? या एका उत्तरावर वर्षाचे दोन-तीन लाख इकडचे तिकडे होतात. कॅम्पमधलं जेवण आणि खोली मोफत आहे की पगारातून कापणार, तेही विचारा. इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या.

तब्येतीच्या बाबतीत मला काटकसर अजिबात मान्य नाही. तापीकाठच्या सपाटीवरून थेट 11,500 फुटांवरच्या लेहला उतरायचं म्हणजे पन्नाशीच्या शरीरावर ताण येतोच. बीपी, शुगर, ईसीजी, इको आणि डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिल टेस्ट निघण्याआधी करा. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, त्या दिवसांचा पगार मागायला संकोच नको. डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या तर आणखी वर चढू नका. त्रास वाढला, धाप लागली की लगेच खाली उतरा.

विम्याच्या अर्जात बोगद्यातलं आणि उंचावरचं काम स्पष्ट लिहा; ते लपवलं तर क्लेमच्या वेळी घरचे अडकतात. कंपनीच्या अपघात विम्यात तुमचं नाव आहे का, रक्कम किती, हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. नियुक्तिपत्राची, पॉलिसीची आणि नॉमिनीच्या कागदाची एकेक प्रत घरी पत्नीजवळ ठेवा.