उघड्या जमिनीवर तण बसते

गाजर गवत आपण सगळेच ओळखतो. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्याकडे लोकांच्या नजरेत आले. आज बांधावर पाहा, पडीक रानात पाहा, ते आहेच! असेच एक तण दूर देशी, थंड मुलखात आहे. त्याने तिथल्या मेंढपाळांची कुरणे बिघडवली. ती हकिकत आज आपण वाचू.

न्यूझीलंड हा देश पृथ्वीच्या दक्षिण भागात आहे. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस पडतो, तेव्हा तिथे हिवाळा असतो. देशाच्या दक्षिण बेटावर बर्फाचे उंच डोंगर आहेत. डोंगरांच्या कुशीत मॅकेन्झी नावाचा मोठा माळ आहे. पाऊस बेताचा, माती हलकी, थंडी फार. इथे लोक मेरिनो जातीच्या मेंढ्या पाळतात. तिची लोकर फार मऊ असते.

पूर्वी हा माळ झुपक्यांच्या गवताने झाकलेला होता. १८५० नंतर युरोपातून आलेल्या लोकांनी इथे मेंढ्या आणल्या. कोवळा फुटवा यावा म्हणून ते जुने गवत जाळीत. मेंढ्या फार झाल्या. बाहेरून आणलेले ससेही बेसुमार वाढले. झुपके विरळ झाले, आणि माती उघडी पडली.

तिथेच एका तणाला जागा मिळाली. त्याचे नाव हॉकवीड. तेही युरोपातलेच. फूल पिवळे, पाने केसाळ. पाने जमिनीला चिकटून गोल पसरतात, म्हणून मेंढीच्या तोंडाला ती नीट लागत नाहीत. हरळीसारखे त्याचे धुमारे जमिनीवरून धावतात आणि जागोजाग मूळ धरतात. बी हलके असते. रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते. होता होता तणाची जणू सतरंजीच होते. मग तिच्याखाली दुसरे गवत उगवत नाही. चारा घटला की मेंढ्या कमी कराव्या लागतात, आणि घरची मिळकतही घटते.

यावर उपाय काय? माळ इतका मोठा, की औषध फवारणे परवडत नाही. जिथे ओल बरी आहे, तिथे खत घालून क्लोव्हर नावाचा चारा पेरतात. चारा जोमाने वाढला की तण मागे हटते. पण कोरड्या, उंच जागी हा खर्च अंगाशी येतो. मग मेंढपाळांनी एकी केली. त्यांनी पैसा उभा केला. संशोधकांनी युरोपातून या तणावरच जगणाऱ्या बारीक किडी आणल्या. दुसऱ्या पिकाला त्या अपाय करणार नाहीत, याची आधी परीक्षा घेतली. १९९९ पासून त्या किडी सोडल्या. आपल्याकडे गाजर गवतावर मेक्सिकोचा भुंगा सोडतात, तसेच हे. पण किडीने तण पुरते संपत नाही, बरं का!

म्हणून आम्ही सांगतो, बैल गेला नि झोपा केला असे करू नका. कुरणावरचे गवत हेच त्याचे पांघरूण. ते फाटू देऊ नका. गायरानात पाळीपाळीने चराई करा. एक भाग चरू द्या, दुसरा राखा. अनोळखी तण दिसले तर फूल येण्याआधीच मुळासकट उपटा. आणि हे काम एकट्याचे नाही. शेजारच्या रानात तण राहिले, तर त्याचे बी वाऱ्याबरोबर आपल्याही रानात येईल.

प्रश्न
१. मॅकेन्झीच्या माळावरची माती उघडी का पडली?
२. हॉकवीड कोणत्या दोन रीतींनी पसरते?
३. तुमच्या गायरानात कोणते नवे तण आले आहे? त्याचे नाव लिहा.