पारदर्शक माशाच्या पोटातला दिवा

आपल्या यकृतात पित्त सतत तयार होत असते. बारीक पित्तनलिकांच्या जाळ्यातून ते पित्ताशयात व पुढे आतड्यात उतरते आणि स्निग्ध पदार्थ पचवण्यास मदत करते. पण या नलिका जन्मतःच फार थोड्या असतील तर? पित्त यकृतातच तुंबते, बाळाला कावीळ होते, पुढे यकृत निकामीही होऊ शकते. अलाजिल विकार हा असाच एक आनुवंशिक रोग होय. बहुतेक रुग्णांत त्याचे मूळ ‘जॅग १’ नावाच्या जनुकातील दोषात असते, हे १९९७ साली उघड झाले. आईवडिलांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

या नलिका गर्भात घडताना पाहाव्या कशा? येथे कामी येतो झेब्रा मासा. निळसर पट्ट्यांचा हा चिमुकला मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याचा गर्भ मातेच्या शरीराबाहेर, अंड्यात वाढतो आणि तो पारदर्शक असतो. पाचव्या दिवशी पिलाचे यकृत व आतडे काम करू लागते. शिवाय माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी जुळणारी जनुके या माशात आहेत.

२००१ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजली. त्यांनी पिलांच्या पाण्यात एक खास स्निग्ध पदार्थ मिसळला. तो अखंड असेपर्यंत चमकत नाही. आतड्यात त्याचे विघटन झाले की चमकू लागतो. हा चमकणारा भाग यकृतात जातो आणि पित्ताबरोबर पित्ताशयात उतरतो. सूक्ष्मदर्शकाखाली पित्ताशय दिव्यासारखे उजळते!

२००४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी माशाच्या गर्भात ‘जॅग’ गटातील जनुकांचे कार्य दाबले. तेव्हा पित्तनलिका नीट घडल्या नाहीत. हृदय व चेहरा यांतही अलाजिल विकारासारखे दोष दिसले. म्हणजे हे जनुक बिघडल्यावर काय होते, ते प्रत्यक्ष पाहता आले.

अर्थात मासा म्हणजे माणूस नव्हे. माशात लागू पडलेले औषध बाळाला देण्यापूर्वी पुष्कळ कसोट्या घ्याव्या लागतात. पण कोठे शोधायचे, हे मासा दाखवतो.

आता विचार करा : एका पिलाचे आतडे चमकते, पित्ताशय मात्र अंधारे राहते. एवढ्यावरून दोष नलिकांतच आहे असे म्हणता येईल का? यकृतात पित्तच तयार होत नसेल तर? या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी तुम्ही काय पाहाल?