तान्ह्या बाळाचा ताप व आईचे दुखावलेले मन
(मातांकरिता व उपदेशकांकरिता एक धडा)



ह्या धड्यात ज्या प्रसंगाचा विचार करावयाचा आहे, तो खानदेशातील पुष्कळ घरांत कधी ना कधी आलेला आहे. चोपड्याच्या बाजूच्या एखाद्या गावातील एक आई डोळ्यांसमोर आणा. कापूसवेचणीचे दिवस आहेत. तिचे सात महिन्यांचे बाळ तीन दिवस तापाने फणफणले आहे. खोकला नाही, जुलाब नाही, अंगावर पुरळ नाही. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून नजर काढली, शेजारीण म्हणाली, "दात येताहेत." चौथ्या दिवशी मजुरी बुडवून आई दवाखान्यात गेली व दोन तास बसून राहिली. डॉक्टरांनी बाळास क्षणभर पाहिले, उशीर केला व गोधडीत गुंडाळून आणले म्हणून तिला सर्वांदेखत रागे भरले आणि चिठ्ठी लिहून दिली. "डॉक्टरसाहेब, ताप कशाचा आहे?" असे तिने विचारले, तेव्हा "आत्ताच सांगता येत नाही" एवढेच उत्तर मिळाले. ती डोळे पुसत घरी आली व म्हणाली, "मी पुन्हा त्या दाराशी जाणार नाही."

तिचे दुःख खरे आहे. परंतु तिच्या ह्या शेवटच्या वाक्यात बाळाचा जीव गुंतलेला आहे. म्हणून त्याच वाक्याचा आपण विचार करू.

१. ताप ही खूण आहे

ताप हा स्वतः रोग नव्हे. शरीरात काही बिघाड चालू आहे, ह्याची ती खूण आहे. हात लावून अंदाज येतो, पण खात्री होत नाही. काखेत तापमापक लावावा. ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरल्यास ताप समजावा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत गोधडीत गुंडाळलेले बाळ नुसत्या उष्म्यानेही तापते. म्हणून प्रथम कपडे सैल करावे, सावलीत बसावे, दूध पाजावे व अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. मात्र बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, तर ह्या परीक्षेत वेळ न घालवता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. दात येताना लाळ गळते, बाळ किरकिरते. पण तीन दिवसांचा कडक ताप दातांच्या माथी मारू नये.

२. "आत्ताच सांगता येत नाही" ह्याचा अर्थ

हे उत्तर ऐकून आईस वाटते की, डॉक्टरांस काही कळत नाही, किंवा आपले बाळ त्यांच्या खिजगणतीत नाही. परंतु पुष्कळदा हे उत्तर प्रामाणिक असते. लहान मुलांत एक असा ताप येतो की, तो तीन दिवस चढलेला राहतो आणि उतरल्यावरच अंगावर पुरळ दिसते; पहिल्या दिवशी तो कोणासही ओळखता येत नाही. हिवताप रक्त तपासल्याविना कळत नाही. लघवीच्या जागी जंतू झाले, तर मोठा माणूस जळजळ होते म्हणून सांगेल. तान्ह्या बाळास फक्त ताप येतो, आणि लघवी तपासल्याशिवाय कारण सापडत नाही.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या तापाचे कारण पहिल्या भेटीत कळले नाही, त्यात दुसरी भेट हाच उपचाराचा मोठा भाग आहे. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत समजावून सांगितले असते, तर ती आई रडत घरी आली नसती. ती चूक त्यांची आहे. तिचे प्रायश्चित्त बाळाने भोगू नये.

३. आईची साक्ष

"मी अडाणी, मला काय कळते?" असे पुष्कळ बहिणी म्हणतात. त्यांनी गडचिरोलीची हकिकत ऐकावी. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांस शिकवून त्यांच्या हाती हे काम दिले. पहिल्या महिन्यातील बाळाच्या अंगात जंतूंचे विष भिनले की काय, हे त्या काही साध्या खुणांवरून ओळखीत. पूर्वी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते काय? नीट चोखणारे आता चोखीत नाही काय? ते मलूल झाले आहे काय? अंग गार किंवा गरम लागते, असे आई म्हणते काय? पाहा, आईचे म्हणणे ही तेथे निदानातील एक खूण ठरली. १९९९ साली ही हकिकत 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी ह्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते.

डॉक्टर बाळास आज पाहतात. काल ते कसे होते, हे आईच जाणते. हा फरक सांगणे हे तिचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणास करता येत नाही.

४. दवाखान्यात काय सांगावे, काय विचारावे

जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्या: ताप केव्हापासून, सर्वांत अधिक किती भरला, दिवसातून किती वेळा दूध घेतले, लघवी किती वेळा झाली, कोणती औषधे दिली. बिब्बा घातला असेल किंवा झाडपाला पाजला असेल, तर तेही लपवू नये. लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे. मराठी सुचेना, तर अहिराणीत बोलावे. त्यात लाज कसली?

मग तीन प्रश्न विचारावे: "डॉक्टरसाहेब, आपणांस काय वाटते? रक्त किंवा लघवी तपासावी लागेल काय? काय दिसले तर मी लगेच परत यावे?" तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय उठू नये.

पॅरासिटामॉलचे प्रमाण बाळाच्या वजनावरून ठरते. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलीलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र असतात. एकीचे माप दुसरीस लावू नये. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांस देण्यास भारतात २०११ पासून मनाई आहे. ॲस्पिरिनही देऊ नये.

५. क्षणाचाही विलंब केव्हा करू नये

बाळ दूध घेईनासे झाले, घेतलेले सर्व ओकू लागले, झटके आले, हाक मारूनही नीट जागे होईना, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा श्वास एका मिनिटात दोन महिन्यांच्या आतील बाळाचा ६० अथवा अधिक, आणि त्यापुढे वर्षाच्या आतील बाळाचा ५० अथवा अधिक भरला, तर रात्र असली तरी निघावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकास सरकारी रुग्णालयात उपचार व वाहन निःशुल्क मिळण्याची तरतूद आहे.

६. रागाचे काय करावे

दवाखान्याचे दार मनाने बंद झाले की, दुसरी दारे उघडीच असतात. मेळघाटातील एका गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे ६५ चटके दिल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. बाळाचा कोणी शत्रू नव्हता. ते बरे व्हावे म्हणूनच हे केले गेले.

म्हणून अपमान गिळावा असे आमचे म्हणणे नाही. त्या डॉक्टरांकडे जाणे नको असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे, पण जावे. वागणूक खरोखरच वाईट होती, तर बाळ बरे झाल्यावर वैद्यकीय अधीक्षकांकडे किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

उपदेशक बंधूंनो, अशी आई तुमच्याकडे येईल तेव्हा तिला आधी बोलू द्या. "डॉक्टर रागावले तर काय झाले?" असे म्हणू नका, तिच्या लेखी पुष्कळ झाले आहे. तिचा कागद लिहून द्या, आशाताईंस निरोप धाडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर स्वतः जा. सोबत कोणी असले, म्हणजे त्या दाराशी पुन्हा जाण्याचे धैर्य येते.

विचारासाठी प्रश्न

१. तापाचे कारण पहिल्या दिवशी न कळण्याची दोन उदाहरणे सांगा.
२. बाळाविषयी अशी कोणती गोष्ट आहे, जी डॉक्टरांस नव्हे तर आईसच ठाऊक असते?
३. दवाखान्यातून उठण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारलाच पाहिजे?
४. आपल्या गावात दवाखान्यातून दुखावून परतलेली कोणी आई आहे काय? तिच्याकडे ह्या आठवड्यात कोण जाईल?