लहानग्यांच्या गालांवरचे ठिपके

मूल दोन वर्षांचं होण्याआधीच गालांवर, नाकावर, हातांच्या मागच्या बाजूला तिळासारखे ठिपके दाटीनं उठू लागले, तर ‘ऊन लागलंय, जाईल’ म्हणून सोडून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. झेरोडर्मा पिगमेंटोसम हा दुर्मीळ आनुवंशिक आजार असा सुरू होऊ शकतो.

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींत डीएनएची शेजारची दोन अक्षरं, बहुधा दोन थायमिन, एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तेवढा तुकडा कापून तिथे नवा भरते. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत ही दुरुस्तीच नीट होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. काही रुग्णांत मात्र दुरुस्ती व्यवस्थित होत होती, तरी त्वचेचा कर्करोग होत होता. त्याचं कारण सापडायला १९९९ उजाडलं.

दोष नक्कल करण्यात होता. पेशी दुभंगण्याआधी सगळ्या डीएनएची प्रत काढते. हे काम करणारी नेहमीची विकरं फार काटेकोर असतात. चिकटलेली जोडी समोर आली की ती अडतात. काम तिथेच खोळंबलं तर डीएनए तुटतो, पेशी मरू शकते. अशा वेळी पॉलिमरेज ईटा हे दुसरं विकर पुढे येतं. ते बिघाडाला हात लावत नाही. चिकटलेल्या थायमिनसमोर दोन अ‍ॅडेनिन, म्हणजे बरोबर तीच अक्षरं बसवतं आणि बाजूला होतं. बाजूला होणं गरजेचंच, कारण धड डीएनएवर हेच विकर खूप चुका करतं. मला हे विलक्षण वाटतं: दुरुस्तीला वेळ नसताना पेशी बिघाड ओलांडून पुढे जाते.

दुरुस्ती व्यवस्थित असलेल्या या रुग्णांत काम करणारं ईटाच नसतं. मग दुसरी विकरं ते काम करतात, चुकीची अक्षरं बसतात आणि त्यातून पुढे कर्करोग होतो. लहानपणी यांची त्वचा फारशी भाजत नाही, म्हणून निदान बरेचदा तरुणपणीच होतं.

निदान झालं की अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी, गॉगल, सनस्क्रीन रोज हवं. खिडकीच्या साध्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात. काचेला ते अडवणारी फिल्म लावा. ऊन टाळल्यानं ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या. न भरणारी जखम किंवा वाढणारा तीळ लगेच दाखवा.

आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. म्हणून आपल्याकडे मामे-आतेभावंडांत लग्न ठरवताना, घरात असा रुग्ण असेल तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या, त्यांच्या अंगावर एकही ठिपका नसला तरी.