चावी फिरवली की नुसता ‘टक्’

प्रश्न : वसईतल्या गासला आमची मोगऱ्याची वाडी आहे. जुना मिनी ट्रॅक्टर पावसाळाभर उभा होता. आता चावी फिरवली की नुसता ‘टक्’ करतो. बॅटरी नवी आहे. स्टार्टर बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. ‘टक्’ झालं म्हणजे सोलेनॉइड ओढतोय, पण स्टार्टरला पुरेसा करंट मिळत नाही. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत माझा पहिला संशय अर्थिंगवर. निगेटिव्ह केबल बॅटरीपासून सोडवा आणि ती चासीला जिथे आवळली आहे तो बोल्ट काढा. वरून ठीक दिसतं, वॉशरखाली गंज असतो. पत्रा चकचकीत घासा, घट्ट आवळा, ग्रीस त्यानंतरच.

फरक पडला नाही तर गिअर न्यूट्रलला ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणालातरी चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थिंगचाच. त्याच वेळी बॅटरीचे व्होल्ट ९.६ च्या खाली गेले, तर नवी असली तरी ती उतरलेली आहे. आधी चार्ज करा. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत, नसतील तर अल्टरनेटरचा पट्टा बघा.

आणि स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टर शॉर्ट करायची गॅरेजवाली युक्ती नकोच. गिअर अडकलेला असला, तर ट्रॅक्टर थेट अंगावर येतो.