हिरवें चिन्ह आणि व्हीगन आहार

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आम्हीं मुलांस चकचकीत रंगीत गोळ्या वांटल्या. आमची एक विद्यार्थिनी व्हीगन आहार घेते. म्हणजे मांस व अंडीं तर नाहींतच, परंतु दूध, तूप व मधही ती वर्ज्य मानते. "सर, ही मला चालेल काय?" असें तिनें विचारलें. आम्हीं पुड्यावरील हिरवें चिन्ह पाहून "खुशाल घे" म्हणून सांगितलें, व तिनें ती खाल्ली. सायंकाळीं पुडा नीट वाचला तेव्हां त्यावर ९०४ हा अंक आढळला. तो लाखेचा अंक होय.

पळस, बोर, कुसुंब इत्यादि झाडांच्या फांद्यांवर बारीक कीटक वस्ती करितात. त्यांच्या अंगांतून पाझरणारा राळेसारखा पदार्थ म्हणजे लाख. फांद्यांवरून ती खरवडतांना असंख्य कीटकही तिच्याबरोबर येतात. ती गाळून शुद्ध केली कीं गोळ्यांस झिलई देण्याच्या कामीं येते.

मग हिरवें चिन्ह खोटें काय? मुळींच नव्हे. आपल्या देशाच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे तींतून दूध, मध, मेण व लाख हीं वगळलेलीं आहेत. चिन्हानें शाकाहाराची ग्वाही दिली होती. व्हीगन आहाराची ग्वाही आम्हींच पदरची दिली. व्हीगन पदार्थांकरितां २०२२ सालीं निराळे नियम झाले असून त्यांचें चिन्हही निराळें आहे.

हे अंक वाचावयास कठीण नाहींत. १२० हा तांबडा रंग निवडुंगावरील कीटक वाळवून काढितात. अशा वाळलेल्या कीटकांपैकीं सुमारें ७०,००० मिळून एक पौंड भरतो! जिलेटीन हाडें व कातडीं उकळून होतें. तेंच काम ४०६ म्हणजे आपल्या घरचें चायना ग्रास करितें, व तें समुद्रांतील शेवाळापासून निघतें. ४७१ मात्र फसवा आहे. तो वनस्पतींच्या तेलापासून होतो, तसा प्राण्यांच्या चरबीपासूनही होतो, अंक एकच. येथें हिरवें चिन्ह खरोखर उपयोगी पडतें, कारण तें असतां चरबीची शंका उरत नाहीं. पालकहो, चिन्ह व अंक हीं दोन्ही जोडीनें वाचावीं तीं याचसाठीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलीस आमची चूक सांगितली. ती रागावली नाहीं. मात्र तेव्हांपासून पुडा ती स्वतःच वाचते. आम्हांस विचारीत नाहीं.